जानूबानं उपटलेली रोपं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना बिबट्या हवा होता. "इतकी वर्षं जंगलात काढलीत, एखादा तरी अंगावर आला असेल," ते म्हणाले. मी खरं ते सांगितलं. बिबट्या दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा मला बघून तोच निघून गेला. अस्वलानं एकदा माझा जेवणाचा डबा पळवला, त्यातली चटणी तेवढी मागं ठेवली. याच्यापलीकडं अंगावर काटा आणणारं माझ्याकडं काही नाही. "मग काय आहे तुमच्याकडं?" त्यांनी जरा निराश होऊन विचारलं. "गवत आहे," मी म्हणालो. मग ते म्हणाले, "बरं, गवतावर लिहा."

तेव्हा बिबट्यासाठी हे पान उघडलेल्यांनी खुशाल पुढं जावं, माझा राग नाही. मात्र या गवताच्या गोष्टीत एक माणूस आहे आणि त्या माणसाशी मी वाईट वागलो. त्याच्यासमोर ते कबूल करायचं राहून गेलं. म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा नेसरीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. वनरक्षक म्हणून खात्यात लागलो आणि वनपाल म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. मधली बहुतेक सगळी नोकरी गारगोटीच्या पश्चिमेकडच्या डोंगरात गेली. बायको म्हणते, तुमचं लग्न माझ्याशी झालं पण संसार गव्यांशी केला. ते खोटं नाही.

लोकांना वाटतं, वन्यप्राण्यांचं काम म्हणजे प्राणी मोजायचे, पकडायचे, सोडायचे. खरं म्हणजे प्राण्याला आमची काहीच गरज नसते. त्याला चारा लागतो, पाणी लागतं, लपायला आडोसा लागतो आणि पिलं वाढवायला निवांत जागा लागते. हे सगळं जिथं मिळतं त्या जागेला आमच्या कागदावर 'अधिवास' म्हणतात. ती जागा नीट राखली की जनावर स्वतःचं बघून घेतं. बिघडवली की ते तुमच्या दारात येतं. मग लोक आम्हाला फोन करतात, "सायब, तुमचा गवा आमच्या उसात शिरलाय, तेवढा घिऊन जावा." ऊस खाल्ला की गवा आमचा. मुंबईचे पाहुणे आले की मात्र "आमच्या रानात गवं हायती" असं तेच लोक सांगतात.

या कामात सगळ्यात उपयोगी विद्या म्हणजे शेण वाचणं. हसू नका. गवा दिवसभर झाडीत असतो, तो काय खातो हे तुम्हाला कोण दाखवणार? पण त्याचं वाळलेलं शेण काडीनं फोडलं की सगळं समजतं. जाडाभरडा तंतू दिसला तर गवत, लांब चिवट धागा असला तर बांबूचा पाला, पांढरट चोथा निघाला तर ऊस. ही विद्या मला प्रशिक्षणात कोणी शिकवली नाही. ती जानू झोरेनं शिकवली, आणि तीही नंतर, जेव्हा शिकून फारसा उपयोग उरला नव्हता.

जानू गवळी धनगर. गारगोटीहून एसटीनं तासभर आणि मग दोन तासांची चढण चढून गेलं की एक सडा लागतो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. वर मातीचा पातळ थर, त्यावर गवत. त्याला गवळदेवाचा सडा म्हणत, कारण एका कोपऱ्यात शेंदूर लावलेले पाच दगड होते आणि तो धनगरांचा देव होता. कडेला त्यांची चार घरं. त्यातलं एक जानूचं. बायको ठकूबाई, दोन मुलं आणि म्हशी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तो माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. तरी मी त्याला "ए जानू" म्हणायचो. अंगावर खाकी होती ना.

आता आमची चूक सांगतो. अशी चूक फक्त आमच्याच खात्याच्या लोकांच्या हातून होऊ शकते. सड्याला पावसाळ्यात गाडी जात नाही. त्यामुळं वरिष्ठांचे सगळे दौरे उन्हाळ्यात व्हायचे. भाद्रपदात तो सडा फुलांनी भरलेला असतो आणि कार्तिकात कमरेइतकं सोनेरी गवत असतं. वैशाखात मात्र नुसता काळा कातळ. सगळ्या साहेबांनी तो वैशाखातच बघितला. झोपलेल्या माणसाला बघून मुका ठरवावं तसं झालं. कागदावर शब्द पडला, 'पडीक'. आणि पडीक जागा दिसली की आमच्या हाताला एकच खाज सुटते, झाडं लावायची.

झाड ठरलं ऑस्ट्रेलियन बाभूळ. कुठंही जगते, भराभरा वाढते. माझ्या हाताखाली मजूर दिले आणि मी कामाला लागलो. कातळात खड्डे घेताना पहारी बोथट व्हायच्या. गावातून डोक्यावरनं रोपं चढवली. सड्याभोवती चर खणला, म्हणजे म्हशी आत येऊ नयेत. मी दिवसरात्र राबलो, हे मी आजही मान वर करून सांगेन. कामचुकारपणा केला असता तर बरं झालं असतं.

खड्डे चालू असताना जानू काठीवर हनुवटी टेकवून बघत उभा राहिला होता.

"गारडसायब, ह्ये काय चाललंय?"

"झाडं लावतोय. जंगल वाढलं की गवे येतील."

"गवं हायतीच की. कार्तिकात बगा, कळपच्या कळप वर असतोय. ते काय झाडं बगाय येत्यात व्हय? गवात खायाला येत्यात."

त्यानं एक रोप उचलून पान चुरगाळलं, हुंगलं.

"ह्ये श्येरडू तरी खातंय का?"

"नाही. तेच तर याचं चांगलं आहे. कोणीच तोंड लावत नाही, म्हणून हे जगतं."

तो मोठ्यानं हसला. "आन् म्हनं जनावरांसाठी लावताया!"

मजूरही हसले. मला राग आला. त्या हसण्यातला अर्थ कळायला मला पंचवीस वर्षं लागली. ज्या झाडाला एकही जनावर तोंड लावत नाही, ते झाड मी रानातल्या जनावरांसाठी लावत होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

झाडं जगली. आमच्याकडं कामाची पावती एकच, किती रोपं जिवंत. माझी जवळपास सगळी जिवंत होती. फक्त देवाच्या पाच दगडांभोवतीचा एक तुकडा सोडून. एकरभर असेल. तिथं पहिल्या वर्षी लावलेली रोपं गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी स्वतःच्या हातानं लावली आणि घागरीनं पाणी घातलं. तीही गेली. मी वर कळवलं, जमीन खराब आहे. पण मनातून पटत नव्हतं. माती तर तिथलीच सगळ्यात चांगली होती.

मग एका सकाळी मी चढणीच्या नेहमीच्या वाटेनं न जाता मागच्या बाजूनं वर गेलो. जानू ओणवा होऊन रोपं उपटत होता. घाईत नव्हता. एकेक रोप मुळासकट काढायचा, मुळं झटकायचा आणि बाजूला नीट ठेवायचा, जशी बायका तणाची जुडी लावतात. मला बघून तो पळाला नाही. नुसता सरळ उभा राहिला.

"काय करतोस रे?"

"उपटतोय," तो म्हणाला. "ही गवळदेवाची राखण हाय सायब. हितं झाड न्हाय चालत."

राखण म्हणजे काय, ते तेव्हा त्यानं सांगितलं. त्या तुकड्यात बी झडून जाईपर्यंत ना विळा लावायचा, ना म्हैस घालायची. गवळदेवाची जेवणावळ झाली की मगच. पहिल्या पिकलेल्या गवताची पेंढी देवापुढं ठेवायची आणि घरी चुलीवर टांगायची, ती वर्षभर तिथंच राहते. मी हे सगळं एका कानानं ऐकलं. मला ती अंधश्रद्धा वाटली, आणि मुख्य म्हणजे तीन वर्षं हा माणूस माझं काम माझ्या पाठीमागं मोडत होता, हे डोक्यात बसलं. मी म्हणालो, "देवाला झाडाची सावली नको असते का?" तो म्हणाला, "देवाला नगो. गवताला नगो. गव्याला नगो. तुमास्नीच हवी."

मी वनगुन्हा नोंदवला. जबाब लिहून घेताना मी त्याला पळवाट दिली होती. म्हणालो, म्हशींनी उपटली असं सांग, समज देऊन सोडतो. तो म्हणाला, "म्हशीचं नाव कशाला घालायचं? मीच उपटली." अंगठा उठवला.

केस तालुक्याला चालली. बरीच वर्षं चालली. जानू पहाटे सडा उतरायचा, एसटी पकडायचा आणि धुतलेला फेटा बांधून कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसायचा. मी साक्षीदार, त्यामुळं मलाही यावं लागायचं. बाक एकच होता. दुपारी पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची. एकदा माझा डबा राहिला होता. त्यानं फडकं सोडलं, नाचणीची भाकरी अर्धी केली आणि माझ्यापुढं धरली. वर दह्याचा गोळा.

"खावा की. भाकरीवर काय केस न्हाय."

मी खाल्ली. पुढं ती रीतच पडली. आरोपी भाकरी आणायचा आणि साक्षीदार चहा पाजायचा. त्या बाकावरच त्यानं मला शेण वाचायला शिकवलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर बैल बसलेले असायचे, त्यांच्या शेणावरनं त्याचं शिकवणं चालायचं. वकील लोक नाकाला रुमाल लावून बाजूनं जायचे. ते दिवस आठवले की आज हसू येतं आणि लगेच लाज वाटते, कारण त्या प्रत्येक तारखेला त्याच्या म्हशी दिवसभर दाव्याला असायच्या आणि ठकूबाई एकटी पाणी भरायची. मी मनात आणलं असतं तर साक्ष सौम्य करता आली असती. मी केली नाही. नोकरीत नाव होतं माझं. शेवटी थोडा दंड होऊन प्रकरण मिटलं आणि त्याचं नाव गुन्ह्यांच्या वहीत कायमचं राहिलं.

तोवर सड्यावर म्हशींना चारा उरला नव्हता. चार घरांपैकी तीन खाली गावाजवळ उतरली. शेवटी जानूही उतरला. म्हशी विकल्या, दोन ठेवल्या, त्याही धाकट्या मुलाकडं दिल्या. मी तेव्हा वनपाल झालो होतो. वृक्षलागवडीसाठी प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते अजून आमच्या सोप्यातल्या भिंतीवर आहे. बायकोनं त्याची काच पुसायचं हल्ली सोडलंय, मीच सांगितलं.

आणि मग गवे खाली यायला लागले. आधी एक-दोन, मग कळप. दिवसाढवळ्या उसाच्या फडात. एक गवा विहिरीत पडला, एक रस्त्यावर मोटरसायकलसमोर आला. लोक माझ्यावर ओरडायचे आणि ते बरोबरच होतं. एक गुरुजी तर रोज फोन करायचे. "तुमचा गवा माझ्या फडात असा उभा आहे जसा लग्नाला आलेला मेव्हणा, जायचं नावच घेत नाही." मी वर अहवाल पाठवायचो, गव्यांची संख्या वाढली आहे. सगळे तेच लिहायचे.

एके दिवशी जानूबा ऑफिसात आला. आता मी त्याला जानूबा म्हणायला लागलो होतो. गुडघे दुखत होते, काठी टेकत आला. समोर दोन-चार माणसं बसली होती. त्यानं उपरणं सोडलं आणि माझ्या टेबलावर, फायलींवरच, शेणाच्या सहा वाळक्या गवऱ्या मांडल्या. शिपाई धावत आला. मी त्याला थांबवलं.

"ही उसाच्या फडातली," जानूबा बोट ठेवत म्हणाला. "ही वढ्याकडची. ह्या दोन सड्याच्या खालच्या. ह्या दोन वाटंवरच्या. फोडा आन् ह्यात तुमच्या झाडाचं एक पान दावा मला."

मी पेनच्या टोकानं एकेक फोडली. उसाचा चोथा. बांबू. पुन्हा ऊस. एका गवरीत प्लास्टिकच्या पिशवीचा निळा तुकडा. बाभळीचं पान नव्हतं.

"भांडाय न्हाय आलो," तो म्हणाला. "तुमी शिकल्याली मान्सं, वाचून बगशीला म्हनून आनलं."

तो गेल्यावर शिपायानं टेबल पुसलं. मी ते फोडलेलं शेण टाकू दिलं नाही, कागदात बांधून ठेवलं. आठवडाभरात कार्तिक लागला आणि मी सड्यावर चालत गेलो. इतक्या वर्षांत कार्तिकात मी पहिल्यांदाच वर जात होतो, कारण लागवड मोजायचे दिवस उन्हाळ्याचे. झाडीत शिरलो. वर हिरवंगार, खाली काही नाही. घोट्याइतका तपकिरी पाला, त्यातून गवताची एक काडी वर आलेली नव्हती. किडा नाही, पाखरू नाही. माझ्याच पावलांचा आवाज तेवढा येत होता. मी लावलेलं रान होतं ते आणि त्यात राहायला कोणीही आलेलं नव्हतं.

चालत चालत पाच दगडांपाशी आलो आणि डोळ्यांवर एकदम उजेड आला. तो एकरभर तुकडा उघडा होता. कमरेइतकं गवत, मारवेल, शेडा, पवन्या, सगळं पिकून वाऱ्यावर हलत होतं. पायाखालून चंडोल उडाला. दगडांच्या बाजूलाच गव्याचं ताजं शेण होतं. मी ते फोडलं. नुसतं गवत.

तेव्हा मला समजलं. दंड झाल्यावरही जानूबा थांबला नव्हता. सडा सोडून खाली राहायला गेल्यावरही दरवर्षी वर येऊन, बाभळीचं बी पडून उगवलेली रोपं तो उपटत होता. दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन तासांची चढण चढून. सगळ्या सड्यावर गवताचा तेवढाच तुकडा राहिला होता, आणि तोही माझ्या कामावर त्यानं केलेल्या गुन्ह्यामुळं. मी दगडावर बसून राहिलो. रडू आलं, ते लिहायला लाज नाही.

तिथनंच मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "जानूबा, झाडं काढायचा प्रस्ताव पाठवतो. पुन्हा गवत आणू." तो अंगणात दोरी वळत होता. "तुमचा कागद वर जाऊन येईस्तवर मी ऱ्हातोय का बगू," म्हणाला आणि हसला. त्याच वेळी हात जोडून म्हणायला हवं होतं, जानूबा, माझं चुकलं. मी म्हणालो, "गुडघ्याला काय लावता?" तो म्हणाला, "निरगुडीचा पाला." एवढंच बोलणं झालं.

प्रस्ताव गेला. परत आला, का, तर जिवंत झाडं तोडायचं कारण काय. पुन्हा पाठवला. या वेळी सोबत शेणाचे फोटो लावले, त्यावर कोणीतरी शेरा मारला, 'हे काय आहे?' साहेब बदलले. नव्या साहेबांना मी हट्टानं कार्तिकात चालवत वर नेलं. ते तरुण होते, त्यांना दम लागला नाही. झाडी बघितली, तो तुकडा बघितला. मग म्हणाले, "पाठवा, मी सही करतो." तरीही मंजुरी हातात यायला दुसरं वर्ष उजाडलं.

ती आली त्या दिवशी कागद खिशात घालून मी थेट जानूबाकडं निघालो. त्याला डोलीत बसवून वर न्यायचं आणि पहिलं झाड त्याच्या हातानं तोडायचं, असं ठरवलं होतं. अंगणात माणसं बसली होती. दोन्ही पोरांची डोकी भादरलेली. थोरला उठून जवळ आला, "सायब, आज बाचा धावा दिवस." मी बसलो. ठकूबाई आत होती, तिनं पाणी पाठवलं. खिशातला कागद मी काढला नाही. घामानं शर्ट ओला होऊन तोही भिजला, त्याची शाई थोडी पसरलेली अजून फाइलला दिसेल.

झाडं तोडायला सुरुवात केली तेव्हा शहरातनं एक गट आला. फलक घेऊन. झाडांना मिठ्या मारल्या, घोषणा दिल्या. चांगली पोरं होती, तळमळीची. एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला झाडांची दया नाही येत?" मी म्हणालो, "येते बाळ. मीच लावलीत." तिला ते खोटं वाटलं. मी तिला पाच दगडांपाशी नेलं, गवत दाखवलं. ती म्हणाली, "पण हे तर नुसतं गवत आहे." सव्वीस वर्षांचा असताना मी हेच म्हणालो असतो.

झाडं मुळासकट काढली. कार्तिकात त्या तुकड्यातलं बी गोळा केलं आणि पावसाच्या तोंडावर मोकळ्या जागेत फेकलं. पहिल्या सरीत निम्मं कातळावरनं वाहून गेलं आणि राहिलेलं उगवलं नाही. उगवल्या त्या बाभळी. माझी नोकरी दीड वर्ष उरली होती. मला झोप लागेना. अखेर मी ठकूबाईकडं गेलो.

ती चुलीपाशी बसली होती. मी सांगितलं, बी उगवत नाही, मावशी. ती माझ्याकडं बघेना. फुंकणीनं जाळ करत राहिली. मग विचारलं.

"ताजं बी फेकलंसा?"

"कार्तिकातलंच."

"पोरगं बी जल्मल्या जल्मल्या चालतंय व्हय? त्येला येक उन्हाळा, येक पावसाळा घरात राऊ द्या. धूर लागू द्या." तिनं वर बोट केलं. चुलीच्या वर आढ्याला एक पेंढी टांगलेली होती, धुरानं काळी पडलेली. जानूबानं शेवटची आणलेली. "अशी टांगायची. फुडच्या साली देवाच्या जेवनाला काडायची आन् राखणीत झाडायची. आन् वरनं म्हशी घालायच्या येकडाव. खुरानं बी मातीत दाबतंय. म्हशीबिगर गवात येतंय व्हय कुटं?"

ज्या पेंढीला मी अंधश्रद्धा म्हणालो होतो, ती त्यांची बियाण्याची कोठी होती. आणि ज्या म्हशी मी चर खणून बाहेर काढल्या, त्या त्यांची पेरणी होती. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. निघताना तिनं आढ्याची पेंढी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही न्या. आता हितं कोन बगतंय तिच्याकडं."

त्या कार्तिकातलं तुकड्यातलं बी मी वर्षभर आमच्या वनमजुरांच्या चुलींवर टांगलं. चर एका ठिकाणी बुजवून वाट केली. पाला काढला. पुढच्या साली गवळदेवाच्या जेवणावळीला बी झाडलं, सगळ्यात आधी जानूबाची पेंढी, आणि त्याच्या धाकट्या मुलाच्या म्हशी त्यावरनं एकदा फिरवल्या. ज्या जागी म्हैस दिसली तर मी कोंडवाड्यात घालत होतो, त्या जागी मीच "हल्ल्या, हल्ल्या" करत त्यांच्या मागं फिरलो. मुलगा हसत होता. त्याचं हसणं बापासारखंच होतं. माझ्या अंगावर खाकी होती, पण या वेळी मला राग आला नाही.

पुढच्या पावसात गवत आलं. दाट नाही, विरळच, पण आलं. मी तोवर निवृत्त झालो होतो. चार्ज देताना जुन्या वह्या चाळल्या, त्यात गुन्ह्यांची वही सापडली. जानू झोरे, गवळदेवाचा सडा, रोपं उपटून नुकसान केलं. खाली माझी सही. शेजारच्या फायलीत माझाच शेवटचा अहवाल होता. तोच सडा, तीच बाभळीची झाडं, तीच उपटली. शीर्षक 'अधिवास सुधारणा'. त्यावर वरिष्ठांचा शेरा होता, 'उत्तम काम'.

गेल्या कार्तिकात मी वर गेलो. एकटाच, काठी घेऊन. सकाळचं ऊन गवतावर होतं. पाच दगडांच्या पलीकडं, पेरलेल्या भागात एक गवी चरत होती आणि तिच्या पोटाशी तांबूस वासरू. तिनं मान वर करून मला बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी मोजलं नाही, फोटो काढला नाही. एक पेंढी बांधली आणि खाली ठकूबाईकडं आलो.

तिनं पेंढी घेतली, वास घेतला आणि मांडीवर ठेवली.

"गवा आलता?"

"गवी होती. वासरू घेऊन."

"बरं झालं," ती म्हणाली. मग थोडा वेळ पेंढीवरनं हात फिरवत राहिली. "सायब, त्या वहीत त्येंचं नाव हाय का अजून?"

हा प्रश्न तिनं इतकी वर्षं मनात ठेवला होता. मी म्हणालो, "आहे, मावशी. ते खोडता येत नाही."

"खोडू नगा," ती म्हणाली. "कशाला खोडताया? त्येच्या खाली तुमचंबी लिवा की. तुमीबी उपटलीसाच न्हवं?"

त्या वहीत लिहायचा अधिकार आता माझ्याकडं नाही. म्हणून इथं लिहितो, चारचौघांत. गवळदेवाचा सडा. रोपं उपटणारा पहिला, जानू झोरे. दुसरा मी. मला फक्त पंचवीस वर्षं उशीर झाला.